बत्तीस रुपयांची फी

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकते. पहिली म्हणजे माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी हा आठवड्यातून चार तासांचा विषय, त्यातले दोन पी.टी.च्या मॅडम घ्यायच्या. त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ आजीने तपासून दिले आहेत. तरीही चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या. दुसरी कबुली म्हणजे एस.ई.ला मला एम-थ्रीत केटी लागली. हे आमच्या अख्ख्या बॅचला माहीत आहे, पण त्यानंतर काय झालं ते मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

माझी अर्धी फी बाबा भरतात आणि अर्धी एक चॅरिटेबल ट्रस्ट. मुंबईतल्या एका जुन्या इमारतीत, लाकडी जिना चढून गेलं की त्यांचं ऑफिस. दरवर्षी रिन्युअलचा फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना असा आहे की मागच्या वर्षी सर्व विषयांत उत्तीर्ण आहात का, होय किंवा नाही. पहिल्या वर्षी मी 'होय'वर एवढ्या ऐटीत टिक केली होती की पेनाने कागद फाटला. या वर्षी फॉर्म तसाच काउंटरवर ठेवून उभी राहिले. तिथल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की कारण देऊन वेगळा अर्ज जोड, ट्रस्टी मीटिंगमध्ये ठरवतील.

आता कारण काय लिहू? मी आजारी नव्हते, घरी कोणी गेलं नव्हतं. फूरियर सिरीज डोक्यात शिरली नाही, हे खरं कारण. ते अर्जात कसं लिहायचं?

त्याच आठवड्यात लायब्ररीत एम-थ्रीचं पुस्तक शोधताना शेजारच्या कपाटात रॉबर्ट कनिगेल यांनी १९९१ साली लिहिलेलं श्रीनिवास रामानुजन यांचं जाडजूड चरित्र सापडलं. मी ते उचललं ते खरं तर देवाला नारळ वाढवतात तसं. म्हटलं, गणिताचा एवढा मोठा माणूस, वाचून झालं तर तेवढीच कृपा. आणि पन्नासेक पानं झाल्यावर कळलं की या माणसाची स्कॉलरशिप एका विषयात नापास झाल्यामुळे गेली होती. तो विषय होता इंग्रजी. म्हणजे मला जो विषय कधी अभ्यासावाच लागला नाही तो!

रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, इरोड गावातला. (या तारखेला आपल्याकडे राष्ट्रीय गणित दिवस असतो, आणि दरवर्षी आपल्या सबमिशन्सच्या गर्दीत तो हरवतो.) तो वाढला तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमला, कावेरीकाठी. वडील एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. पगार महिन्याला वीस रुपयांच्या आसपास. आई देवळात भजनं म्हणून त्यात थोडी भर घालायची. शिवाय घरात एक-दोन कॉलेजची मुलं पैसे देऊन राहायला ठेवायचे. रामानुजनला मोठी पुस्तकं पहिल्यांदा मिळाली ती या मुलांकडून.

१८९७ साली प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला आणि टाउन हायस्कूलमध्ये त्याची अर्धी फी माफ झाली. अर्धी फी! वाचताना मला उगाचच ओळखीचं वाटलं. पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती कार नावाच्या एका इंग्रज ट्यूटरचं पुस्तक लागलं. हजारो सूत्रं एकामागून एक, सिद्धता जवळजवळ नाहीतच. आपल्या भाषेत सांगायचं तर परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाइड. आपण असं गाइड पाठ करतो. यानं त्यातलं एकेक सूत्र स्वतः सिद्ध करायला घेतलं आणि मग त्यात नसलेली सूत्रंही शोधायला लागला.

१९०४ साली तो कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात एफ.ए.ला गेला, तोही सुब्रह्मण्यम स्कॉलरशिप मिळवून. एफ.ए. म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा. आता त्याचं बाकीच्या विषयांवरचं लक्ष पार उडालं. वर्गात इतिहास चालू असो की इंग्रजी, हा वहीत गणित करत बसायचा. व्हायचं तेच झालं. इंग्रजी निबंधात तो नापास झाला आणि स्कॉलरशिप बंद झाली. आई प्रिन्सिपॉलना जाऊन भेटली, पण नियम तो नियम.

कॉलेजची फी एका टर्मला बत्तीस रुपये होती. वडिलांचा दीड महिन्याचा पगार! हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण आमच्या घरी जेव्हा फीचा विषय निघतो तेव्हा बाबा पण असंच मोजतात, रुपयांत नाही, महिन्यांत.

काही महिने त्याने कसेबसे काढले. मग १९०५ च्या ऑगस्टमध्ये तो घरात कोणाला न सांगता निघून गेला, थेट विशाखापट्टणमपर्यंत. आई-वडिलांची काय अवस्था झाली असेल! तो परत आला, पण कुंभकोणमचं कॉलेज संपलं ते संपलंच.

इथे मला कॉलेजची बाजूही मांडायला हवी. ते काही खलनायक नव्हते. स्कॉलरशिप सगळ्या विषयांत चांगलं करणाऱ्यासाठी होती आणि रामानुजन सगळ्या विषयांत चांगलं करत नव्हता. त्याच्या जागी गेलेला मुलगाही गरीबच असेल कदाचित. नियमाप्रमाणे पाहिलं तर सगळं बरोबर होतं. त्रास होतो तो याचाच.

१९०६ साली त्याने मद्रासला पच्चयप्पा कॉलेजात दुसऱ्यांदा सुरुवात केली. हे कॉलेज म्हणजेच एका दानाची गोष्ट आहे. पच्चयप्पा मुदलियार हे अठराव्या शतकातले मद्रासचे श्रीमंत व्यापारी. १७९४ साली ते वारले आणि त्यांनी धर्मादायासाठी ठेवलेल्या पैशातून पुढच्या शतकात शाळा आणि कॉलेज निघालं. तिथल्या गणिताच्या सरांना या मुलाची हुशारी लगेच कळली. पण तिथे इंग्रजीच्या जोडीला फिजिऑलॉजी आला. प्राण्यांचे अवयव, पचनसंस्था वगैरे. कट्टर शाकाहारी अय्यंगार घरातला मुलगा, त्याला त्या विषयाची शिसारीच होती. मध्येच तो आजारी पडून घरी गेला. एफ.ए.ची परीक्षा त्याने १९०६ ला दिली, नापास. १९०७ ला पुन्हा दिली, पुन्हा नापास. वय वीस. माझ्याएवढा.

यापुढची तीन-चार वर्षं त्याच्याकडे ना डिग्री होती ना नोकरी. शिकवण्याही धड मिळायच्या नाहीत, कारण तो मुलांना पोर्शन सोडून भलतंच शिकवत बसायचा. कागद परवडत नसे म्हणून पाटीवर गणित करायचं, कोपराने पुसायचं आणि फक्त उत्तर वहीत उतरवायचं. त्याच्या वह्यांत सिद्धता का नाहीत, याचं एक कारण हे आहे. पुढे जगभरच्या प्राध्यापकांनी कित्येक दशकं त्या सिद्धता शोधण्यात घालवली. कागद महाग होता, म्हणून! १९०९ साली त्याचं जानकीशी लग्न झालं. ती तेव्हा साधारण दहा वर्षांची होती. १९१० च्या सुरुवातीला त्याला ऑपरेशनची गरज पडली, तेव्हा घरात पैसे नव्हते. शेवटी एका डॉक्टरांनी ते फुकट केलं.

आता नोकरी हवीच होती. वही काखोटीला मारून तो व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटला. ते डेप्युटी कलेक्टर होते आणि १९०७ साली सुरू झालेल्या गणित मंडळाचे संस्थापक. (याच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची लायब्ररी तेव्हा आपल्या पुण्याला, फर्ग्युसन कॉलेजात होती. तिथून पुस्तकं आणि जर्नल्स पोस्टाने देशभर फिरायची.) रामानुजनने त्यांच्याकडे साधी कारकुनी मागितली. वही पाहून त्यांनी ती दिली नाही. अशा माणसाला कारकुनीत गाडायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला मद्रासला पाठवलं आणि तिथून फिरत फिरत १९१० च्या डिसेंबरात तो नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यासमोर उभा राहिला.

राव स्वतः गणिताचे शौकीन. सुरुवातीला त्यांना हा मुलगा खरा की थापाड्या ते कळेना. दोन-चार भेटींनंतर त्यांची खात्री पटली. त्यांनी विचारलं की तुला हवंय काय? रामानुजनने मागितलं ते एवढंच, की पोटापुरतं मिळावं आणि गणित करायला वेळ मिळावा. कलेक्टरांनी ते मान्य केलं आणि स्वतःच्या खिशातून महिन्याला २५ रुपये सुरू केले.

इथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपण समजतो स्कॉलरशिप म्हणजे पैसे. पैसे असतातच, पण त्या पैशाने विकत काय घ्यायचं? सकाळ. दुपार. संध्याकाळ. माझी एक मैत्रीण रोज संध्याकाळी क्लासमध्ये काउंटरवर बसते आणि रात्री अकराला असाइनमेंट उघडते. ती माझ्यापेक्षा हुशार आहे आणि तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी आहेत. रामानुजनला १९११ मध्ये ते तास मिळाले आणि त्याच वर्षी त्या गणित मंडळाच्या जर्नलमध्ये बर्नुली संख्यांवरचा त्याचा पहिला पेपर छापून आला.

पण गंमत अशी की हे २५ रुपये त्याला बोचायला लागले. कोणा एकाच्या खिशावर किती दिवस जगायचं? सुमारे वर्षभराने त्याने ते घेणं थांबवलं आणि नोकरी धरली. आधी अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात थोडे दिवस, मग १ मार्च १९१२ पासून मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये, महिना ३० रुपयांवर. हे मला आधी कळलं नव्हतं, असं कशाला करायचं, चांगले मिळतायत तर घ्यावेत की. मग बाबांचा चेहरा आठवला. पहिल्या वर्षी ट्रस्टचा चेक घेताना ते त्या काकांना तीनदा थँक्यू म्हणाले होते आणि घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये एक शब्द बोलले नव्हते.

पोर्ट ट्रस्टची नोकरी मात्र फळाला आली आणि त्यात आपल्या जमातीचा, म्हणजे इंजिनिअर लोकांचा मोठा वाटा आहे. चेअरमन सर फ्रान्सिस स्प्रिंग मूळचे रेल्वे इंजिनिअर. चीफ अकाउंटंट नारायण अय्यर हे त्या गणित मंडळाचे खजिनदार. संध्याकाळी साहेब आणि कारकून दोघं पाट्या घेऊन बसायचे. मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलचे प्रोफेसर होते ग्रिफिथ. त्यांनी लंडनमधल्या आपल्या जुन्या सरांना, प्रोफेसर हिल यांना, याच्याबद्दल पत्र लिहिलं. सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करायला हरकत नाही.

जानेवारी १९१३ मध्ये रामानुजनने केंब्रिजच्या हार्डींना ते प्रसिद्ध पत्र पाठवलं. पत्राची गोष्ट आणि १७२९ नंबरच्या टॅक्सीची गोष्ट सगळ्यांनी दहा वेळा ऐकलेली आहे, ती मी सोडून देते. मला सांगायचंय ते मद्रासमध्ये त्याच सुमारास जे झालं त्याबद्दल.

२५ फेब्रुवारीला हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर पोर्टवर आले होते. ते स्वतः केंब्रिजचे गणिती. त्यांना रामानुजनचं काम दाखवलं गेलं आणि त्यांनी मद्रास युनिव्हर्सिटीला लिहिलं की या कारकुनाला संशोधनासाठी स्कॉलरशिप द्या. बोर्ड ऑफ स्टडीज मार्चमध्ये बसलं आणि त्याने दरमहा ७५ रुपये, दोन वर्षं, अशी शिफारस केली. आता अडचण आली ती नियमाची. रिसर्च स्कॉलरशिप फक्त एम.ए. झालेल्यांना. आणि रामानुजन? एम.ए. राहू दे, बी.ए. नाही, एफ.ए.सुद्धा नाही! पुन्हा तोच नियम, कुंभकोणमला होता तसाच.

पण या वेळी सिंडिकेटमध्ये व्हाइस चॅन्सलर होते पी. आर. सुंदरम अय्यर, हायकोर्टाचे जज. जज माणूस, त्यांनी कायदाच उघडला. ज्या कायद्याने युनिव्हर्सिटी स्थापन झाली त्याच्या प्रस्तावनेत संशोधनाला चालना देणं हे तिचं काम म्हणून लिहिलेलं आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. नियम कशासाठी केला होता, ते आधी पाहा, असं. स्कॉलरशिप मंजूर झाली.

१ मे १९१३ पासून रामानुजन कारकून राहिला नाही. पगार अडीच पट. काम काय, तर दर तीन महिन्यांनी एक रिपोर्ट द्यायचा, बस. दोनदा नापास झालेल्या मुलाने ती अट मात्र पाळली. ऑगस्टात पहिला रिपोर्ट, नोव्हेंबरात दुसरा, मार्चमध्ये तिसरा. त्यातलं डेफिनेट इंटिग्रल्स काढायचं एक सूत्र आज रामानुजनचं मास्टर थिअरम म्हणून ओळखलं जातं. ट्रिप्लिकेन भागात छोटं घर घेऊन आई आणि जानकी त्याच्याबरोबर राहायला लागल्या.

पुढचं भराभर सांगते. १९१४ च्या सुरुवातीला केंब्रिजचे नेव्हिल लेक्चर्स द्यायला मद्रासला आले आणि त्याला इंग्लंडला यायला तयार करून गेले. युनिव्हर्सिटीने वर्षाला २५० पौंड मंजूर केले, प्रवास आणि कपडे यासाठी वेगळे १००. ट्रिनिटी कॉलेजने ६० पौंडांची भर घातली. एक पौंड म्हणजे तेव्हा १५ रुपये. हिशेब करून पाहा, कारकुनीच्या दहा पटींहून जास्त. त्यातले महिन्याला सुमारे ६० रुपये आईला घरपोच द्यावेत अशी व्यवस्था त्याने निघण्यापूर्वीच करून ठेवली. १७ मार्च १९१४ ला बोट सुटली. १९१६ ला केंब्रिजची बी.ए., संशोधनावर. १९१८ च्या मे महिन्यात रॉयल सोसायटीचा फेलो आणि ऑक्टोबरात ट्रिनिटीचा फेलो. बाहेर महायुद्ध चालू, खायला मनासारखं मिळत नाही, थंडी, एकटेपणा. १९१७ पासून आजारपण सुरू झालं, ते सुटलंच नाही.

१९१९ च्या जानेवारीत तो लंडनजवळ पटनीच्या एका नर्सिंग होममध्ये होता. मद्रास युनिव्हर्सिटीने कळवलं होतं की परत आल्यावर वर्षाला २५० पौंड, पाच वर्षं देऊ. ११ जानेवारीला त्याने रजिस्ट्रारना उत्तर लिहिलं. ते पत्र वाचून मी लायब्ररीतून उठून बाहेर पाणी प्यायला गेले होते. आभार वगैरे मानून त्याने लिहिलंय की ही रक्कम माझ्या गरजेपेक्षा जास्त आहे. माझा इंग्लंडमधला खर्च भागल्यावर वर्षाला ५० पौंड आई-वडिलांना द्यावेत आणि उरलेले पैसे शिक्षणासाठी वापरावेत, म्हणजे गरीब आणि अनाथ मुलांची शाळेची फी कमी करायला आणि त्यांना पुस्तकं घेऊन द्यायला.

रॉयल सोसायटीचा फेलो होता तो तेव्हा. तरी बत्तीस रुपये विसरला नव्हता.

२७ मार्च १९१९ ला त्याची बोट आपल्या मुंबईला लागली. आई घ्यायला आली होती. मग मद्रास, कोडुमुडी, कुंभकोणम, पुन्हा मद्रास. अंथरुणावर पडल्या पडल्या तो शेवटपर्यंत कागद भरत राहिला. त्याला आता कागदाची ददात नव्हती. २६ एप्रिल १९२० ला तो गेला. वय ३२.

जानकी मागे राहिल्या, विशीतल्या. युनिव्हर्सिटीने त्यांना महिना २० रुपये पेन्शन दिलं. त्या काही वर्षं मुंबईत भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परत जाऊन ट्रिप्लिकेनमध्ये त्यावरच गुजराण केली. १९५० साली त्यांची एक मैत्रीण वारली. तिचा सातेक वर्षांचा मुलगा होता. जानकींनी त्याला आपला मानला आणि शिकवलं. शिवणाच्या पैशातून. त्या १९९४ पर्यंत जगल्या.

आता माझ्या अर्जाचं. मी रामानुजन नाही, हे मला आणि एम-थ्रीच्या सरांना पक्कं माहीत आहे. अर्जात त्याचं नाव घालायचा मोह झाला होता, पण आजी म्हणाली की स्वतःचं काय ते लिही. म्हणून मी मराठीत, चार ओळींत लिहिलं की मी या विषयात नापास झाले, कारण मला तो समजला नाही आणि समजला नाही हे मी कोणाला विचारलं नाही. आता रोज संध्याकाळी दोन तास मी तो करते आहे. पेपर डिसेंबरात आहे.

काकांनी अर्ज वाचला, 'शिष्यवृत्ती'तली एक वेलांटी लाल पेनाने नीट केली आणि फॉर्मला टाचणी लावून फाइलमध्ये ठेवला. ट्रस्टींची मीटिंग महिनाअखेरीला आहे.